एकाच टाकीचं पाणी

मी नळाला हात लावला होता. एवढंच.

वकीलसाहेबांच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, कर्दळीच्या वाफ्याजवळ तो नळ होता. पितळेचा. रोज घासलेला. वसाहतीचं पाणी तपासणीला धाडणारे इन्स्पेक्टर पुढच्या व्हरांड्यात चहा पीत बसले होते. त्यांनीच मला सांगितलं, बाटली घे आणि मागच्या नळावर भरून आण. मी पेटीतून बाटली काढली, नळ सोडला, गळ्यापर्यंत भरली. पाणी इतकं नितळ की भरलेली बाटली रिकामी वाटत होती. मी ती उजेडात धरून बघत राहिले. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

वकीलीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माळ्याला हाक मारली आणि शांतपणे म्हणाल्या, "नळ राखेनं घास. तीनदा. आणि मग तासभर वाहू दे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाटलीतलं ओत. झाडांत नको. बाहेर गटारात."

मी फाटकाबाहेर जाऊन बाटली गटारात उपडी केली. माळी राख घेऊन आला. नळ घासताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मग त्यानं नळ पूर्ण सोडला आणि निघून गेला. पाणी वाफ्यातून, दगडी पन्हळीतून, कुंपणाखालून वाहत माझ्या पायाशी आलं आणि गटारात गेलं. गार पाणी. माझी पावलं भिजली. मी वाकून एक ओंजळ घेतली असती तर कुणाचं काय गेलं असतं? पण मी वाकले नाही. वाकायची छाती नव्हती.

आत बाई इन्स्पेक्टरांना विचारत होत्या, साखर कमी तर नाही ना पडली. ते म्हणाले, फक्कड झालाय चहा. मला त्यांनीच पाठवलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती. मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. बेळगावच्या बाहेर, हिंडलग्याच्या वाटेला, नवी वसाहत उठली होती. वकील, मास्तर, कचेरीतले हेडक्लार्क अशांचे बंगले. वसाहतीची स्वतःची कमिटी होती, टेकडीवर स्वतःची पाण्याची टाकी होती. वकीलसाहेब कमिटीचे अध्यक्ष. उतरणीला, सगळ्यात खाली, आमची वस्ती. म्हारवाडाच म्हणत तिला. वसाहत झाडायला, गटारं काढायला माणसं लागतात, म्हणून कमिटीनं आम्हाला पत्र्याच्या खोल्या बांधून दिल्या होत्या. कामावर असेपर्यंत खोली. काम गेलं की खोली गेली.

त्या खोल्यांना मिळून एक नळ. वरच्या बंगल्यांच्या मोऱ्यांचं सगळं पाणी ज्या गटारातून खाली यायचं, त्याच गटाराच्या तळातून आमच्या नळाचा पाइप आणला होता. दुसरीकडून खणायला मुरूम लागला, म्हणून. सकाळी अर्धा तास पाणी. आधी तांबडं यायचं, मग पिवळट. त्यात काळे धागे असायचे. उन्हाळ्यात वास यायचा. आम्ही लुगड्याचा पदर चौपदरी करून गाळायचो. गाळल्यावर पदराला जे राहायचं ते झटकून टाकायचो आणि खालचं प्यायचो. दुसरं होतं काय? वसाहतीच्या विहिरीवर आम्हाला जाता येत नव्हतं.

माझी थोरली त्या पाण्यानं गेली. पाच वर्षांची होती. तीन दिवस हगवण, चौथ्या दिवशी डोळे आत गेले. सासू म्हणाली, देवीचा कोप. इन्स्पेक्टर म्हणाले, "तुम्ही लोक हात धूत न्हाय. घाण ऱ्हाता. दुसरं काय होनार?" आणि मी ते मानलं. हे मला आज सांगायला लाज वाटते, पण मी मानलं. पोर गेल्यावर धाकटीचे हात मी दिवसातून दहा वेळा धुवायची. नाही धुऊ दिले तर मारायची. धुवायची कशानं, तर त्याच पाण्यानं.

सकाळी मी रस्ते झाडायची, मग कमिटीची कचेरी. दर तीन महिन्यांनी एक काम जादा असायचं. इन्स्पेक्टर बंगल्यांच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून तपासणीला पुण्याला पाठवत. बाटल्यांची पेटी बर्फानं जड व्हायची. ती डोक्यावर घेऊन मी त्यांच्या सायकलमागं चालायची. बाटलीला मात्र हात लावायचा नाही. नळाच्या तोंडाशी स्पिरिटचा बोळा पेटवून, मग ते स्वतः बाटली भरत, बूच लावत, चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर बंगल्याचा नंबर. आमच्या नळाची चिठ्ठी त्यांच्या यादीत कधीच नव्हती.

चिठ्ठ्या मला वाचता यायच्या. हे कुणाला माहीत नव्हतं. माझं माहेर निपाणीचं. बाप तंबाखूच्या वखारीत बोदं, म्हणजे भरलेली पोती, उचलायचा. त्यानं मला शाळेत घातलं होतं. तिसरीपर्यंत मी शाळेच्या पायरीवर बसून शिकले. अक्षरं डोक्यात राहिली होती. मी ती कुणाला दाखवत नव्हते एवढंच.

त्या दिवशी बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर इन्स्पेक्टर माझ्यावर खवळले. त्यांची चूक होती, म्हणून जास्तच. पेटी दुपारच्या गाडीला लावायची होती, आणि पुन्हा आत जाऊन बाटली भरायचं त्यांना तोंड नव्हतं. चिठ्ठी आधीच लिहून बाटलीला बांधलेली. मी विचारलं, आता हिचं काय करू.

"भर कुठलंबी," ते म्हणाले. "सगळं एकाच टाकीचं पाणी हाय."

"आमच्या नळाचं भरू?"

"भर की. टाकी एकच न्हवं?"

ते सायकल घेऊन पुढं गेले. मी वस्तीत आले. आमच्या नळाला त्या दिवशी पाणी थेंब थेंब येत होतं. बाटली भरायला खूप वेळ लागला. मी चिठ्ठी वाचली. बंगला नंबर एक, वकीलसाहेबांचा. खोटं सांगत नाही, मला कळत होतं मी काय करतेय. हुकूम त्यांचा होता, पण मन माझं होतं. बाटली भरताना मला मनातून वाटत होतं, बघू तरी हे पाणी काय म्हणतं. मी बूच घट्ट लावलं आणि पेटी स्टेशनावर पोचती केली.

दहा-बारा दिवसांनी मी कचेरी झाडत होते, तेव्हा कागद आला. इंग्रजीत होता. कारकुनानं खाली जांभळ्या शाईनं मराठीत उतरवून घेतला आणि वकीलसाहेबांना वाचून दाखवला. मी झाडू हातात घेऊन दाराआड थांबले. बाकीचे बंगले चांगले निघाले होते. बंगला नंबर एकच्या पाण्यात माणसाच्या मैल्याचे जंतू. पिण्यास सर्वथैव अयोग्य. लहान मुलांस प्राणघातक.

माझ्या हातातला झाडू खाली पडला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

लहान मुलांस प्राणघातक. देवी नव्हती ती. आमचे हातही नव्हते. वरच्या बंगल्यांचा मैला पाइपात शिरून आमच्या घागरीत येत होता आणि मी तो माझ्या पोरीला पाजला होता. हगवणीत जास्त पाजला होता, कारण ती सारखं पाणी मागत होती.

त्यानंतर वसाहतीत जे झालं ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. काशीआक्का माझ्या शेजारची. तिनं दोन वर्षांत तीन वेळा कमिटीच्या दारात उभं राहून आमच्या पाण्याचं सांगितलं होतं. दर वेळी बघू म्हणाले. आता दुसऱ्या दिवशी उजाडताच रस्ता खणायला सुरुवात. वकीलसाहेबांनी मुलांना शहापूरला नातेवाइकांकडे पाठवलं. सगळ्या बंगल्यांत पाणी उकळू लागलं. खडेबाजारातून नवी पिंपं आली. डॉक्टर येऊन बंगल्यांतल्या सगळ्यांना सुया टोचून गेला. आणि खणत कोण होतं, तर माझा नवरा आणि वस्तीतले सगळे गडी. चार दिवस त्यांनी बंगला नंबर एकपुढचा पाइप उघडा केला. नवरा घरी येऊन म्हणायचा, पाइप लोण्यासारखा हाय, कुठं भोक न्हाय, कुठं गंज न्हाय.

मी त्याला खरं सांगितलं. 

"गप ऱ्हा," तो म्हणाला. "खोली जाईल. ह्या पोरीला घेऊन कुठं जायाचं?"

त्याचं चूक नव्हतं. मला रागही आला नाही. मी उठले, घागर घेतली आणि नळावर गेले. सगळं माहीत असून गेले. लढाईमुळं रॉकेल रेशनवर, जळण मिळत नव्हतं, उकळणार कशावर. पदर चौपदरी केला, गाळलं, धाकटीला वाटी दिली. ती घटाघटा प्यायली. मी बघत बसले. माहीत नव्हतं तेव्हा मी नुसती गरीब होते. माहीत झाल्यावर मी माझ्या हातानं पाजत होते. यासारखा तुरुंग नाही. भिंत नाही, दार नाही, पण निघायला वाटही नाही.

पाचव्या दिवशी कचेरीत सभा बसली. मला बोलावणं आलं.

झाडलोट सोडून आत पाय ठेवायचा नव्हता, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत टेबलाभोवती कमिटीचे सात-आठ लोक होते. भिंतीशी खुर्चीत वकीलीणबाई. टेबलावर तो कागद आणि पाण्याचा तांब्या. तांब्यावर पालथं फुलपात्र. चार दिवस त्याला कुणी शिवलं नव्हतं. इन्स्पेक्टर एका बाजूला उभे होते, जमिनीकडे बघत.

पाइपात काही सापडत नाही म्हटल्यावर बाईंनी कारण शोधलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते. हिनं नळाला हात लावला. हिच्या हातानं पाणी नासलं. पुण्याच्या कागदात तेच आलंय, दुसरं काय?"

टेबलाभोवतीची माणसं शिकलेली होती. एकजणही हसला नाही. एकजणही म्हणाला नाही की असं होत नसतं. वकीलसाहेबांनी मला विचारलं, नळाला हात लावलास का. मी म्हटलं, लावला. का लावलास. मी इन्स्पेक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "मी सांगितलं न्हवतं, साहेब. आपल्या मनानंच गेलती ही."

मग वकीलसाहेब कारकुनाला म्हणाले, लिहा, हिला कामावरून कमी केलं.

मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात पोरीचा विचार नव्हता, खोलीचाही नव्हता. मला माझे दोन्ही हात दिसत होते. पोर गेल्यापासून मी ह्या हातांच्या घाणीचीच शिक्षा स्वतःला देत आले होते. आणि आता तीच शिक्षा हे लोक कागदावर लिहून ठेवणार होते.

"त्या बाटलीत तुमच्या नळाचं पानी न्हवतं," मी म्हटलं. "आमच्या नळाचं हुतं. तुमचं बाईसाहेबांनी वतून टाकाय लावलं. इन्स्पेक्टर म्हनले कुठलंबी भर. मी आमचं भरलं."

 वकीलसाहेबांनी इन्स्पेक्टरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून सगळ्यांना खरं काय ते कळलं.

मला वाटलं होतं, हे लोक चिडतील. मला मारायला उठतील असंही वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. झालं ते मला मारण्यापेक्षा वाईट होतं. त्या सगळ्यांना हायसं वाटलं. वकीलसाहेब खुर्चीत मागं रेलले. बाईंनी डोळे मिटून हात जोडले. कुणीतरी म्हणालं, म्हणजे आपलं पाणी चांगलं आहे. आणि एका म्हाताऱ्या मास्तरांनी तांब्यावरचं फुलपात्र सुलटं केलं, काठोकाठ भरलं आणि माझ्यासमोर सावकाश पिऊन टाकलं. मग बाकीच्यांनीही घेतलं. त्या टेबलावर एकाएकी सणासारखं वाटायला लागलं. रस्त्यातला खड्डा उद्याच बुजवा, असं ठरलं.

मी अजून उंबऱ्यातच होते.

"आनि आमचं?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. वाईट नजरेनं नाही, समजूत घातल्यासारखं. म्हणाले, "तुम्हाला सवय आहे त्याची."

बाईंनी मान हलवली. कारकून एका कोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं तो उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवला आणि शाईची डबी सरकवली. अंगठा कर म्हणाला. अंगठा केलास तर खोली राहील, कामाचंही पुढं बघू.

मी कागद उचलला. अक्षर लावून लावून, मोठ्यानं वाचला. मी जाणूनबुजून खोडसाळपणाने बाटलीत घाण भरली. वस्तीच्या नळाविषयी माझी काही तक्रार नाही.

मला वाचता येतं हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीतल्या लोकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी तो कागद परत जमिनीवर ठेवला. उंबरा ओलांडला. टेबलापाशी गेले आणि पुण्याहून आलेला कागद उचलला. खुर्च्या मागं सरकल्या. बाई उठून भिंतीला लागल्या.

"ह्यो आमच्या पान्याचा कागद हाय," मी म्हटलं. "आमचा हाय."

कारकून पुढं आला आणि दोन हातांवर थांबला. वकीलसाहेब म्हणाले, घ्या तो तिच्याकडून. कुणी हललं नाही. हिसकावून घ्यायचा तर मला शिवावं लागलं असतं. ज्या शिवाशिवीनं मला जन्मभर बाहेर उभं केलं, तिनंच त्या दिवशी त्या सगळ्यांचे हात बांधून टाकले. मी पाठ न फिरवता दारापर्यंत आले, आणि मग चालत खाली गेले. पळाले नाही.

संध्याकाळी वस्तीच्या नळापाशी सगळ्यांना मी तो कागद वाचून दाखवला. त्यांनी तो तीन वेळा वाचायला लावला. काशीआक्कानं तिचा नातू त्याच हगवणीनं घालवला होता. तिनं मैल्याचे जंतू म्हणजे काय ते विचारलं. मी जेवढं कळलं तेवढं सांगितलं. ती गटाराकडे बघत राहिली, मग वर बंगल्यांकडे. माझा नवरा सगळ्यांच्या मागं उभा होता. खोली खाली करायची नोटीस तोवर आली होती, आठ दिवसांची. तो माझ्याशी बोलत नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे खड्डा बुजवायला मुकादमानं हाक मारली, तेव्हा तो उठला नाही. बाकीचे गडीही उठले नाहीत. बायकांनी झाडू घेतले नाहीत.

कुणी जाऊन पाणी आणून दिलं असं काही झालं नाही. त्याही दिवशी आम्ही तेच पाणी प्यायलो. बायकांनी वरच्या बंगल्यांची मेंदीची कुंपणं तोडून आणली आणि त्याच्यावर पाणी उकळलं. पुरेल तेवढं उकळलं, पुरलं नाही तेव्हा तसंच प्यायलो. पाइप त्या साली बदलला नाही. पुढच्याही साली नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं, एक बाई उभी राहिली की सगळं सुधारतं.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. वसाहतीतली गटारं तुंबली होती, त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून बोलले. कागद दिला तर नोटीस मागं घेतील, कामही राहील. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. काशीआक्का म्हणाली, "तुझं तू ठरीव, बाई. घर तुझं जातंय."

"पाइप आधी," मी म्हटलं.

"पाइपचं माझ्या हातात न्हाय."

"कागदाचं माझ्या हातात हाय."

ते गेले. मी आत येऊन धाकटीला मांडीवर घेतलं.  मग नवऱ्यानं स्वतःहून तोंड उघडलं. म्हणाला, सामान बाहेर टाकलं तर टाकू दे, आपण नळापाशीच छप्पर घालू. एवढंच म्हणाला.

आठवा दिवस उजाडला. खोली मी सोडली नव्हती. नवरा दारात बसला, आणि आम्ही सोळा बायका कलेक्टरच्या कचेरीकडे चालत निघालो. कागद माझ्या चोळीत होता. वाटेत काशीआक्कानं विचारलं, तिथं काय बोलायचं, कसं मागायचं. मी तिला सांगितलं, मागायचं काही नाही. पाया पडायचं नाही, रडायचं नाही. मी दारात उभी राहून हा कागद वाचणार. हाकललं तर उद्या येऊन वाचणार. मला धरून नेलं तर तुम्ही वाचायचा, वाचता येत नसेल तर पाठ करायचा. आम्ही स्वच्छ आहोत हे ह्यापुढं मी कुणालाही सांगणार नाही. पाणी घाण आहे, आणि ते कुणी घाण ठेवलंय, एवढंच सांगणार.